छत्रीवाला पामर: खेळता खेळता थाटलेलं दुकान

शेवग्याची_शेंग (धागाकर्ता)

भाचा ओसाकाला असतो. दिवाळीला आला तेव्हा मामासाठी टी-शर्ट घेऊन आला. छातीवर इवलीशी उघडी छत्री: लाल, पिवळी, पांढरी, हिरवी. "कुठली रे कंपनी?" विचारलं तर म्हणाला, "आर्नोल्ड पामर. तिकडे चालतो हा ब्रँड." पामर कोण ते त्याच्या गावीही नाही. त्याच्या लेखी तो कुणीतरी कपडेवाला. मला हसू आलं आणि मग तीन दिवस त्या माणसाबद्दल वाचत बसलो. त्याचं फळ म्हणजे हा धागा.

आधीच सांगतो, मी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. मी नाशिककर. आमचा गोल्फशी संबंध गोल्फ क्लब मैदानापुरता, आणि तिथे रणजीचे सामने होतात नाहीतर सकाळी मंडळी चालायला येतात. त्यामुळे खेळातल्या चुका पोटात घाला. मला कुतूहल आहे ते धंद्याचं.

पामर १९२९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावचा. बाप तिथल्या कंट्री क्लबचं मैदान राखायचा, पुढे तिथेच प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, म्हणून शिकवायलाही लागला. पोरगा क्लबातच वाढला, पण सभासद नसतील तेव्हा, म्हणजे भल्या सकाळी नाहीतर दिवेलागणीला खेळायचं, असा दंडक. (१९७१ मध्ये याच पोराने तो अख्खा क्लब विकत घेतला. हिंदी सिनेमावाल्याने लिहिलं असतं तर आपण नावं ठेवली असती.) तटरक्षक दलात तीन वर्षं काढली, मग क्लीव्हलंडला रंग विकायची नोकरी. ती करत असतानाच १९५४ ची अमेरिकन अमॅच्युअर ही हौशींची स्पर्धा जिंकला आणि प्रो झाला. मास्टर्स चार वेळा: १९५८, ६०, ६२, ६४. अमेरिकन ओपन १९६०, ब्रिटिश ओपन १९६१ आणि ६२. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एकूण ६२ विजय.

आता गंमत बघा. टूरवरचा शेवटचा विजय १९७३ चा. माणूस गेला २०१६ मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षं तो काय करत होता? दुकान चालवत होता. पीजीए टूरवर अख्ख्या कारकिर्दीत बक्षिसांचे मिळाले साधारण साडेअठरा लाख डॉलर. आणि ज्या वर्षी गेला त्या वर्षीच्या फोर्ब्सच्या दिवंगतांच्या कमाईच्या यादीत त्याच्या नावापुढे आकडा होता ४ कोटी डॉलर. एका वर्षाचा.

याचं मूळ १९६० च्या एका हस्तांदोलनात आहे. मार्क मॅककॉरमॅक नावाचा क्लीव्हलंडचा तरुण वकील. स्वतः बऱ्यापैकी गोल्फ खेळणारा, कॉलेजात पामरच्या विरुद्ध संघात असलेला. तोवर पामरचा हिशेब, पत्रव्यवहार सगळं बायको विनी घरबसल्या सांभाळायची. वकिलाने ते अंगावर घेतलं. ठरलं ते हात मिळवून, कागद नाही. मग गॅरी प्लेअर आला, जॅक निकलस आला, दोघेही अव्वल गोल्फर, आणि त्या वकिलाच्या कचेरीची आयएमजी ही खेळाडूंचे व्यवहार सांभाळणारी कंपनी झाली. टेनिस, स्कीइंग, मॉडेल्स, विम्बल्डनचे हक्क, सगळीकडे. आपल्या बीसीसीआयने २००८ ची पहिली आयपीएल उभारायला हाताशी घेतली ती हीच कंपनी. वानखेडेवर चिअरलीडर नाचल्या त्याचा धागा ओढत नेला तर लॅट्रोबच्या माळ्याच्या पोरापर्यंत पोचतो.

माझं म्हणणं एवढंच: आपण म्हणतो "खेळाडू निवृत्त झाला आणि धंद्यात शिरला". पामर शिरलाच नाही. ऐन भरात असताना त्याने दुकान थाटलं, नाव भाड्याने दिलं, पण कायमचं विकलं नाही. ही छत्री १९६१ सालची आहे, म्हणजे तो ब्रिटिश ओपन पहिल्यांदा जिंकला त्या वर्षाची. जाणकारांनी भर घालावी.

---

टोमॅटो_भाव_शून्य

चार कोटी डॉलर, बरं. एका मैदानाला रोज जेवढं पाणी लागतं तेवढ्यात आमच्या गावचा टँकर किती दिवस बंद राहील ते काढा आधी. श्रीमंतांचा खेळ आणि श्रीमंतांचा धंदा. आपण वाचायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

---

शेवग्याची_शेंग

पाण्याचं तुमचं रास्त आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. पण इथला माणूस श्रीमंत नव्हता, माळ्याचा पोरगा होता. म्हणून तर लिहिलं.

---

वाचनवेडी_मुग्धा

छान लिहिलंय, पण पामरपासून सगळं सुरू झालं हे काही खरं नाही. त्याच्या चाळीस वर्षं आधी वॉल्टर हेगन होता. १९२० साली तो ब्रिटिश ओपन खेळायला डील गावी गेला तेव्हा प्रो खेळाडूंना क्लबहाउसात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पठ्ठ्याने भाड्याची आलिशान गाडी दारात उभी केली आणि तिच्यात बसून कपडे बदलले! त्याचा व्यवस्थापक बॉब हार्लो गावोगावी प्रदर्शनी सामने ठरवायचा, तिकिटं लावायचा. गल्ल्याचे पैसे दोघांत. आपल्याकडच्या तमाशाच्या कंत्राटदारासारखंच ते.

आणि बाई कुठे आहेत तुमच्या धाग्यात? बेब झहारियस विसरलात. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं ॲथलेटिक्समध्ये, मग गोल्फकडे वळली. बायकांना खेळायला टूरच धड नव्हती, म्हणून १९५० साली तेरा जणींनी एलपीजीए ही बायकांच्या गोल्फची संघटना काढली. त्यात ही होती, व्यवस्थापक फ्रेड कॉर्कोरन होता आणि विल्सन या क्रीडासाहित्याच्या कंपनीचा पैसा होता. त्या तेरा जणी स्वतःच खेळायच्या, स्वतःच मैदान आखायच्या, नियमांचे निवाडे करायच्या, गावात जाऊन प्रसिद्धी करायच्या. पामरकडे निदान निवडायला दुकानं होती. यांना खेळायचं म्हणून आधी बाजार भरवावा लागला.

अलीकडची ॲनिका सोरेनस्टामसुद्धा बघा. ७२ एलपीजीए विजय, दहा मेजर (गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा), आणि २००८ मध्ये अडतिसाव्या वर्षी, जिंकत असतानाच थांबली. अकादमी, फाउंडेशन, स्वतःच्या नावाचा ब्रँड, सगळं मांडून ठेवलं होतं आधीच.

---

शेवग्याची_शेंग

मुग्धाताई, दंडवत. हेगनची गाडी माहीत नव्हती. "पहिला" हा शब्द मी वापरलेला नाही, पण सूर तसाच होता, मान्य.

---

सीए_पण_गोखले_नव्हे

"नाव विकलं नाही" हा तुमच्या लेखातला खरा मुद्दा आहे आणि तो घाईत उरकलात. उलट उदाहरण देतो: जॅक निकलस. अठरा मेजर, पामरपेक्षा कितीतरी मोठा खेळाडू. धंद्यात मात्र तीनदा पोळला.

१९७० मध्ये मॅककॉरमॅकला सोडून स्वतःचं बस्तान मांडलं. मैदानं आखणं, घरं बांधणं, कपडे, काठ्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मालमत्तेच्या प्रकल्पांत पैसा अडकला आणि गणित फिसकटलं. त्याच सुमाराला, १९८६ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी मास्टर्स जिंकला. हातात मॅकग्रेगरचा भल्यामोठ्या डोक्याचा, दिसायला चमत्कारिक पटर (चेंडू होलात ढकलायची काठी) होता. सोमवारी सकाळपासून त्या पटरच्या ऑर्डरी थांबेनात. मॅकग्रेगर ही त्याने काही वर्षांपूर्वी स्वतः घेतलेली कंपनी! जाहिरात करावी तर अशी.

मग १९९६. गोल्डन बेअर गोल्फ ही त्याची कंपनी नॅसडॅकवर आली. शेअर १६ डॉलर. यातली पॅरागॉन ही उपकंपनी मैदानं बांधून द्यायची. इथे आमच्या धंद्यातली गोष्ट येते, कंटाळा आला तरी वाचा. बांधकामाच्या कंत्राटात सगळं काम पुरं होईपर्यंत उत्पन्न दाखवायचं थांबत नाहीत. काम जितके टक्के झालं तितके टक्के उत्पन्न त्या वर्षात धरतात. ते टक्के कशावरून? झालेला खर्च भागिले अंदाजित एकूण खर्च. आता अंदाजित खर्चच कमी दाखवला की काम आपोआप जास्त झाल्यासारखं दिसतं, आणि न झालेला नफा वहीत येतो. पॅरागॉनच्या वरिष्ठांनी हेच केलं. १९९८ मध्ये भांडं फुटलं. आधीच्या वर्षाचा तोटा २९ लाख डॉलर सांगितला होता, तो फेरहिशेबात २.४७ कोटी निघाला. ऑडिटर आर्थर अँडरसन, हो, तेच, पुढे एन्रॉन घोटाळ्यातले. शेअर नॅसडॅकवरून उतरवला गेला आणि २००० मध्ये भागधारकांना शेअरमागे ७५ सेंट देऊन कंपनी पुन्हा खाजगी झाली. निकलसने वहीला हात लावला असं कुणीच म्हटलं नाही. पण पाटीवरचं अस्वल, म्हणजे गोल्डन बेअर हे टोपणनाव, त्याचं होतं.

तिसरी ठेच सगळ्यात कडू. २००७ मध्ये हॉवर्ड मिलस्टाइन या बँकरकडून १४.५ कोटी डॉलर घेऊन नवी कंपनी केली आणि नावाचे व्यापारी हक्क तिच्याकडे गेले. २०२२ मध्ये त्याच कंपनीने, म्हणजे निकलस कंपनीने, निकलस या माणसावर न्यूयॉर्कमध्ये दावा ठोकला. नावाचा वाद पुढे वर्षानुवर्षं कोर्टात. दरम्यान बदनामीचा उलटा दावा त्याने फ्लोरिडात लावला आणि २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला ५ कोटी डॉलर द्यायला सांगितले. तोवर माणूस पंच्याऐंशीचा.

अशिलांना मी नेहमी सांगतो की दुकानाला स्वतःचं नाव देण्याआधी दोनदा विचार करा. भागीदार दुकान घेऊन जातो तेव्हा पाटीही घेऊन जातो.

---

बर्फाचा_गोळा

म्हणजे निकलस विरुद्ध निकलस. न्यायाधीशाने हजेरी कशी घेतली असेल?

---

ॲडलेडचा_अण्णा

धागा बघून राहवलं नाही. आमच्याकडच्या महाराजांचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही? ग्रेग नॉर्मन, "ग्रेट व्हाइट शार्क". क्वीन्सलंडमधल्या माउंट आयसा या खाणीच्या गावचा. आईची बॅग वाहता वाहता पंधरा-सोळाव्या वर्षी काठी धरली आणि शिकला निकलसची पुस्तकं वाचून. जगात ३३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर, तरी मेजर दोनच, दोन्ही ब्रिटिश ओपन, १९८६ आणि १९९३.

सीए साहेब, तुम्ही नाव विकणं म्हणालात, शेंगदादा भाड्याने देणं म्हणाले. नॉर्मनने तिसरी वाट काढली: मानधन नको, हिस्सा द्या. १९९०-९१ च्या सुमाराला कोब्रा ही काठ्यांची कंपनी लहान होती. तिच्यात त्याने साधारण २० लाख डॉलर घातले आणि तिच्या काठ्या खेळायला लागला. १९९६ च्या सुरुवातीला अमेरिकन ब्रँड्सने कोब्रा ७० कोटींना घेतली. नॉर्मनच्या वाट्याला आले सुमारे ४ कोटी. म्हणजे त्याने जिंकलेला प्रत्येक सामना त्याच्याच गुंतवणुकीची जाहिरात होती.

आणि लगेच त्या एप्रिलात मास्टर्स. शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला. ७८ फटके लागले (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं). निक फाल्डोने ६७. पाचने हरला. मी तेव्हा पुण्यात होतो, काही पाहिलं नाही, पण इथे आल्यावर ऑफिसातला एक म्हातारा सहकारी त्या रविवारबद्दल घरातलं कुणी गेल्यासारखा बोलायचा. धंद्यातला सर्वात मोठा नफा आणि खेळातली सर्वात मोठी नाचक्की, मध्ये तीन-चार महिन्यांचं अंतर.

आयएमजी त्याने १९९३ मध्येच सोडली होती आणि स्वतःची ग्रेट व्हाइट शार्क एंटरप्रायझेस काढली. मैदानं, कपडे, वाइन, गवतसुद्धा. जीएन-१ नावाची बर्म्युडा गवताची जात त्याच्या आद्याक्षरांची आहे. मैदान आखायला दे, वर गवतही माझंच घे!

आता १९९४ चं नाट्य. नॉर्मनने फॉक्स टीव्हीच्या जोरावर "वर्ल्ड टूर" जाहीर केली, निवडक तीस-चाळीस खेळाडू, मोजके सामने, मोठी बक्षिसं. पीजीए टूरचे कमिशनर टिम फिंचम यांनी डोळे वटारले. नोव्हेंबरात नॉर्मनच्याच शार्क शूटआउट स्पर्धेत खेळाडूंची बैठक झाली. तिथे विरोधात उभं राहून बोललं कोण? तुमचा छत्रीवाला. पामर टूरच्या बाजूने बोलला आणि नॉर्मनची योजना तिथेच बसली. पुढे १९९९ पासून टूरने जागतिक स्पर्धांची स्वतःची मालिका काढली, तेव्हा नॉर्मनला काय वाटलं असेल सांगायला नको.

सत्तावीस वर्षं डूख धरला म्हणा हवं तर. २०२१ मध्ये सौदी सार्वभौम निधीच्या पैशावर लिव्ह गोल्फ ही पीजीए टूरला टक्कर देणारी मालिका, सीईओ नॉर्मन. २०२२ च्या जूनमध्ये पहिला सामना.

---

बर्फाचा_गोळा

जमाल खशोगी या सौदी पत्रकाराच्या खुनाचे डाग धुवायला गोल्फचा साबण. हेही "स्पोर्ट्स बिझनेस"च ना, अण्णा?

---

ॲडलेडचा_अण्णा

हो, आणि मी त्याची वकिली करत नाही. पैसा कुणाचा आहे हा प्रश्न विचारल्यावर नॉर्मनने दिलेली उत्तरं ऐकून मला स्वतःला लाज वाटली होती.

तरी इथलं चित्र गुंतागुंतीचं आहे. ॲडलेडला २०२३ पासून लिव्हचा सामना द ग्रेंज क्लबवर होतो. १९७६ मध्ये नॉर्मन प्रो म्हणून पहिली स्पर्धा जिंकला तो याच मैदानावर. बाराव्या होलवर क्रिकेटसारखा कल्ला असतो, गाणी, बिअरचे पेले उडतात. पहिल्या वर्षी चेस केप्काने तिथे एका फटक्यात होल केला तेव्हा पेल्यांचा पाऊस पडला. मी बायकोला घेऊन गेलो होतो, तिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, तिला मजा आली. मला जरा अपराधी वाटलं आणि मजाही आली.

२०२५ च्या जानेवारीत नॉर्मनच्या जागी स्कॉट ओ'नील आले. शार्क मात्र गेलेला नाही. लिव्हचा सामना नॉर्थ ॲडलेडच्या सार्वजनिक मैदानावर हलवायचा ठरलाय आणि त्याची नवी आखणी नॉर्मनच्या कंपनीकडे. पार्कलँडमधल्या झाडांवरून इथे भांडणं चालू आहेत. टोमॅटोभाऊ, तुमचे भाऊबंद इथेही आहेत.

जाता जाता: लिव्हमध्ये खेळणारा अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मलेला आहे. पुणेकरांनी यावर स्वतंत्र पाटी लावावी.

---

प्लॉट_नंबर_सात

मी बांधकाम विक्रीत आहे, त्यामुळे मैदान आखण्याच्या बाजूचं दोन शब्द लिहितो. "सिग्नेचर कोर्स" म्हणजे तो खेळाडू गुडघाभर चिखलात उभा राहून खड्डे खणत नाही. त्याच्या कंपनीत पदवीधर आखणीकार असतात, नकाशे ते काढतात. पामरचं म्हणाल तर १९७१ पासून एड सी हा वास्तुकार त्याचा हात होता, आणि दोघांच्या कंपनीने तीनशेहून जास्त मैदानं केली. चीनमधलं १९८४ चं चुंगशानचं मैदान त्यांचंच. नामवंत खेळाडू ठरावीक वेळा येतो, टेकाड इकडचं तिकडे करायला सांगतो, उद्घाटनाला पहिला फटका मारतो, फोटो काढतो. बिल्डर पैसे देतो ते त्या फोटोचे. कारण हिरवळीकडे तोंड असलेला फ्लॅट शेजारच्यापेक्षा चढ्या भावाने जातो आणि ब्रोशरच्या पहिल्या पानावर नाव लागतं.

दिल्लीच्या आसपास ही अख्खी यादी एका दिवसात फिरून होते. गुडगावचं डीएलएफ मूळचं पामरचं, २०१५ मध्ये गॅरी प्लेअरने नवं केलं. मानेसरच्या पुढे क्लासिक गोल्फ रिसॉर्ट निकलसचं. ग्रेटर नॉयडाचं जेपी ग्रीन्स नॉर्मनचं. एनसीआरच्या फ्लॅटवाल्यांनी तिघांचंही भाडं भरलं आहे, एकही फटका न मारता.

---

शेवग्याची_शेंग

वा! हे कुठल्या लेखात मिळालं नसतं.

---

कॅडीचा_भाचा

सगळं वाचतोय, पण कुणी अली शेरचं नाव घेईल म्हणून वाट बघत होतो. माझे मामा मुंबईत कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते, त्यांच्या तोंडून हे नाव लहानपणी ऐकलंय. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेला माणूस १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. जिंकणारा पहिला भारतीय प्रो. १९९३ मध्ये परत जिंकला.

दुसरा एसएसपी चौरसिया. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात मैदान राखायचे. हुबेहूब पामर! पोरगा तिथेच वाढला, मागितलेल्या काठ्यांनी शिकला. २००८ चं इंडियन मास्टर्स, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन इंडियन ओपन. आता मला सांगा, चौरसियाची छत्री कुठे आहे? त्याच्या नावाचं सरबत कुठे मिळतं? (पामरच्या नावाचं मिळतं. अर्धा आइस्ड टी, अर्धं लिंबू सरबत. तिकडे हॉटेलात नुसतं "आर्नोल्ड पामर" म्हटलं की पेला येतो, आणि ॲरिझोना कंपनी त्याचं चित्र छापून कॅन विकते.)

बाप तोच, मैदान तेच, हातात तेच कसब. फरक कुठे पडला?

---

वाचनवेडी_मुग्धा

फरक टीव्हीत. पामर भरात आला तेव्हा अमेरिकेत घरोघर टीव्ही आला होता आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः गोल्फवेडे, पुढे पामरचे दोस्त. शिवाय पामरचं खेळणंच टीव्हीला मानवणारं. पँट वर ओढायची, सिगारेट गवतावर टाकायची, झाडामागून हिरवळीवर थेट मारायचं. साधी माणसं त्याच्या मागे झुंडीने चालायची, तिला "आर्नीची फौज" म्हणत. चौरसिया जिंकला तेव्हा आपल्याकडचा टीव्ही क्रिकेटने भरलेला.

---

कॅडीचा_भाचा

ताई, टीव्ही एक. दुसरं असं की लॅट्रोबचा माळी आणि क्लबचा सभासद एकच भाषा बोलायचे. आमचे मामा वीस वर्षं साहेबांच्या बॅगा वाहत होते, क्लबचं नाव घेत नाही, त्यांना आत पाणी प्यायला वेगळा नळ होता. साहेबाने मामांना खेळताना पाहिलं आणि म्हणाला, "तू माझ्यापेक्षा बरा मारतोस." पुढच्या रविवारी परत बॅग उचलायला सांगितलं. जाहिरातवाला कॅडीकडे जात नाही हो, साहेबाकडे जातो. खेळणं संपल्यावर अशा प्रो लोकांना उरतं ते साहेबांच्या मुलांना शिकवणं. त्यात कमीपणा नाही, पण त्याला दुकान म्हणत नाहीत.

---

टोमॅटो_भाव_शून्य

आता बोललात. माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. पाण्याचा अर्धा तसाच.

---

खडूस_आजोबा

पोरांनो, घरचा मॅककॉरमॅक विसरलात की काय? सुनील गावस्करने खेळत असतानाच १९८५ मध्ये सुमेध शहांबरोबर पीएमजी काढली, मुंबईत. तोवर क्रिकेटरचा करार म्हणजे पाहुण्यांच्या ओळखीतून मिळालेली सूटिंगची जाहिरात. गावस्करने स्तंभलेखन, जाहिरात, दूरदर्शनचे कार्यक्रम असं सगळं एका छपराखाली आणलं.

आणि एक साम्य कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९८६ मध्ये गोल्फचं जागतिक मानांकन सुरू झालं, सोनी रँकिंग. कुणी सुरू केलं? मॅककॉरमॅकच्या आयएमजीने! स्वतःच्याच अशिलांचे क्रमांक लावायचे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे सीएट क्रिकेट रेटिंग आलं, ते पीएमजीचं. खेळ तुम्ही खेळा, गुण आम्ही देतो, वर टायर कंपनीचं नाव. चलाखी पाहा. टेनिसवाल्या महेश भूपतीने ग्लोबोस्पोर्ट काढली ती यानंतरची. आणि कपिल? गोलंदाजी संपल्यावर गोल्फच्या नादी लागला आणि २०२४ पासून भारतीय प्रो गोल्फ टूरचा अध्यक्ष आहे. उलटी गंगा.

---

सीए_पण_गोखले_नव्हे

आजोबा, नमस्कार. हितसंबंधांचा मुद्दा अगदी नेमका. मॅककॉरमॅक खेळाडूचा वकील, स्पर्धेचा आयोजक, टीव्ही हक्कांचा विक्रेता आणि क्रमांक लावणारा, एकाच वेळी. १९६४ मध्ये वेंटवर्थला त्याने वर्ल्ड मॅच प्ले ही स्पर्धा काढली. पहिला विजेता पामर. सामना चोख झाला यात शंका नाही. पण माझ्या ऑडिटमध्ये मी हे लाल शाईने लिहिलं असतं.

शेंगसाहेब, पामरचंही सगळं गोड नाही. ऑर्लँडोजवळचा आयलवर्थचा घरांचा प्रकल्प बघा. शेजारच्या तळ्याकाठच्या लोकांनी दावा लावला, आणि प्रकल्प हातचा गेला. साठच्या दशकात त्याच्या नावाची ड्रायक्लीनिंगची दुकानंसुद्धा होती. भाड्याने नाव देताना भाडेकरू कसा आहे तेही बघावं लागतं.

---

शेवग्याची_शेंग

ड्रायक्लीनिंग! हे वाचून घरात मोठ्याने हसलो.

सगळ्यांचे आभार. माझा मुद्दा थोडा सुधारतो. नॉर्मनने हिस्सा घेतला ते डोक्याने जास्त हुशारीचं होतं, हे अण्णांचं पटलं. पण त्यासाठी खिशात २० लाख डॉलर लागतात. पामरकडे १९६० मध्ये नाव होतं आणि एक वकील होता. विल्सन कंपनीशी त्याचा जुना करार होता, मॅककॉरमॅकने बदलून घेतलेला नवा करार विल्सनच्या वरच्या साहेबांनी नाकारला, तर हा सही मोडून गेला नाही. मुदत संपेपर्यंत थांबला आणि १९६३ मध्ये स्वतःच्या नावाच्या काठ्या काढल्या.

पैसा त्यानेही लावला, फक्त उशिरा. १९९० च्या पीजीए चॅम्पियनशिपला अलाबामात तो जो गिब्ज या केबलवाल्याच्या घरी उतरला होता. त्या ओळखीतून चोवीस तास नुसता गोल्फ दाखवणाऱ्या वाहिनीची कल्पना निघाली. लोक हसले: कोण बघणार? १७ जानेवारी १९९५ ला गोल्फ चॅनल सुरू झालं. आधी महिन्याला वेगळे पैसे भरून घ्यावं लागायचं, घेणारे थोडे, म्हणून साध्या केबलमध्ये आणलं आणि मग चाललं. तेव्हा पामर पासष्टचा होता.

आणखी एक मजेशीर गोष्ट सापडली. १९८० ची पहिली अमेरिकन सीनियर ओपन पंचावन्नच्या वरच्यांसाठी होती. पामर तेव्हा पन्नाशीचा. पुढच्या वर्षी वयाची अट पन्नासवर आणली, आणि १९८१ ची स्पर्धा जिंकली पामरने. गिऱ्हाइकासाठी दुकानाचं दार रुंद करणं म्हणतात ते हे.

कॅडीच्या भाच्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मामा अजून आहेत का?

---

कॅडीचा_भाचा

आहेत. ब्याऐंशी. गुडघे गेलेत. काल रात्री त्यांना हा धागा वाचून दाखवला. पामरचं नाव ऐकून म्हणाले, त्याची पकड त्यांनी एका साहेबाच्या मासिकातल्या फोटोवरून शिकली होती, आणि खुर्चीत बसल्या बसल्या काठीवर करून दाखवली. तुमच्या भाच्याला विचारा, तसला टी-शर्ट मिडीयममध्ये मिळेल का. पैसे मी पाठवतो.

---

शेवग्याची_शेंग

विचारलं. मार्चमध्ये येतोय, घेऊन येईल. पैशाचं नंतर बघू. रंग कुठला ते मामांना विचारून कळवा.

---

कॅडीचा_भाचा

पांढरा म्हणतात. आणि छत्री डाव्या बाजूला आहे ना, एवढं बघून घ्या म्हणाले.